हात मोकळा ठेवा

आमच्या तांड्यात कोणी कोणाच्या घरी खाली हातानं जात नाही. पोट्टी भाजली तेव्हापासून तर सगळे सल्ले घेऊनच येतात. कोणी म्हणे कोरफड लावा, कोणी म्हणे तेव्हाच टूथपेस्ट लावाले पाहिजे होती. पलीकडची सुखीबाई तर दारात उभी राहून म्हणते, "नजर लागली वं बाई, लयच गोजिरी होती पोरगी." होती म्हणे! मी दवाखान्यातून लेकरू जितंजागतं घरी आणलं अन् ही बाई 'होती' म्हणून राह्यली. मी तिच्या तोंडावर कवाड लावलं. तेव्हापासून तांडाभर माझं नाव झालं का देवीलालची सून लय माजली.

माजली तर माजली. मी ममता. बारावी पुसदले केली, अन् महागावच्या अलीकडच्या ह्या तांड्यात लग्न होऊन आली. रंजिता माझी पोट्टी, दुसरं सरून तिसरं लागलं तिले. बोलणं सारं येते, पण अर्धं आमच्या गोरबोलीत अन् अर्धं टीव्हीतल्या हिंदीत.

झालं ते थंडीत झालं. आंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी कढत होतं. मी गंज उतरवून खाली ठेवला अन् थंड पाण्याची बादली घ्याले वळली. रंजिता तिचा पिवळा मग घेऊन माझ्या मागंच होती. मग भराले वाकली अन् उजवा हात खांद्यापर्यंत गेला त्यात. सगळे विचारतात, तू कुठं होती? मी तिथंच होती न बाप्पा! हात लांबवला असता तर पोचला असता. ह्याच्यापुढं मी काय सांगू लोकाईले?

यवतमाळच्या दवाखान्यात थंडी गेली, होळी गेली. मांडीचं कातडं काढून हातावर लावलं. मले वाटलं, जखम भरली म्हणजे सुटलो. कायचं सुटता! जखम भरली अन् खरी पीडा सुरू झाली. नवं कातडं आखडते. लेकराले कोपरापासून हात दुमडून छातीशी घेतला का बरं वाटते, अन् बरं वाटते म्हणून ते तसंच धरून ठेवते, अन् धरून ठेवलं का कातडं तसंच जमून जाते. मंग हात उघडतच नाही. सुटी व्हायच्या दिवशी गौरी मॅडमनं हे सारं समजावून सांगतलं. व्यायाम त्याच घेत. हातावर प्लास्टिकचा एक साचा बांधला त्यायनं, अर्ध्या पाइपासारखा, म्हणजे कोपर वाकाले नको. आम्ही त्याले पन्हळ म्हणतो. दिवसरात पन्हळ, आंघोळीपुरती अन् तेलापुरती काढाची. रोज तेल लावून हात ताणाचा. ऊन नाही, धूळ नाही. माझी सासू अन् मी एकाच बाकावर बसून आयकत होतो. मॅडम तिलेही म्हणाल्या, "आजी, हात मोकळा राहिला पाहिजे बरं का. आखडू द्यायचा नाही." सासूनं मान हलवली, अन् दवाखान्याच्या दारालेच पाया पडली.

सासूचं नाव धुरपताबाई, पण सारं घर तिले याडी म्हणते. याडी म्हणजे माय. रंजिताची मम्मी मी, अन् याडी ती.

घरी आल्यावर सगळ्यायनं जीव लावला, खोटं कायले बोलू? शामनं, माझ्या मालकानं, आतल्या खोलीच्या खिडकीले जाळी ठोकली अन् कूलर आणला. तो पिकअप चालवते, महागावच्या बाजारात माल पोचवते. कुठंही गेला तरी पोट्टीसाठी काहीतरी रंगीत घेऊनच येते. सासऱ्यानं बकऱ्या पार मागच्या कुडापाशी नेऊन बांधल्या, अन् धूळ उडू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ आंगणात पाणी शिंपडे. पण खोलीत मीच होती. मी अन् पोट्टी अन् तेलाची शिशी. बाहेर मे महिना पेटला होता. लाइन गेली का कूलर बंद, अन् कातडं असं खाजे का रंजिता भिंतीले हात घासे. मी तिचा हात धरून बसो. माझ्या भावाची हळद मी मोबाइलवर पाह्यली. वऱ्हाड नाचून राह्यलं होतं, अन् मी कवाडाची कडी लावून पोट्टीचा हात ताणून राह्यली होती. कधी कधी वाटे, कडी काढाव अन् चालत सुटाव, पुसद येवो का नागपूर.

ताणतानी ती कशी रडे, ते मी सांगणार नाही. पुढं पुढं तर मी शिशी हाती घेतली का भिंतीले चिपके. "मम्मी नको. मम्मी गंदी!" अन् कवाडाकडे पाहून हाका मारे, "याडी, घे! याडी!"

मी धुणं धुवाले गेली का याडी येऊन बसे तिच्यापाशी. अन् काय सांगू, पोट्टी चूप! एक हुंदका नाही. मी नळावर बसून कान देओ, तर आतून दोघींचं गाणं येई. मले राग ये. नऊ महिने वागवलं मी, रातभर जागते मी, अन् लाड कोणाचे? घरात कोणी मले वाकडं बोललं नाही, पण पोटचं लेकरू मले पाहून पळे, हे रोज गिळा लागे.

पेरण्या झाल्यावर तपासणीले गेलो, शाम अन् मी. गौरी मॅडमनं कोनमापकासारखं एक यंत्र कोपरावर लावलं, परत लावलं. मंग मले विचारलं, "साचा घालता ना?"

"घालतो."

"दिवसभर?"

"आंघोळ अन् तेल सोडून काढत नाही, मॅडम."

त्या उलशा थांबल्या. "ताई, रागवू नका. पण हा हात तसं सांगत नाही. मागच्यापेक्षा जास्त आखडला आहे. राखीपर्यंत असाच राहिला तर परत ऑपरेशन करावं लागेल. परत मांडीचं कातडं काढावं लागेल."

रंजिता माझ्या ओढणीची गाठ चघळत होती. तिची मांडी आत्ता कुठं भरली होती. मले धरती फाटून पोटात घेईन तर बरं असं झालं.

यष्टीत शाम खिडकीबाहेर पाहून राह्यला होता. आर्णी गेली तरी बोलेना.

"तुमालेही वाटते का, मी खोटी बोलते म्हणून?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हणा न मंग काहीतरी! तोंडात मूग भरले काय?"

त्यानं पोट्टीले माझ्या मांडीवरून घेतलं अन् ती त्याच्या खांद्यावर झोपली, हात छातीशी दुमडून, पन्हळ असूनही जेवढा दुमडता येईन तेवढा.

घरी आल्यावर मी दुप्पट ताणाले लागली. ती दुप्पट रडे. मले मारे, चावे. मी म्हटलं, चाव, पण हात उघड.

मंग एका दुपारी धुणं धुताना साबण सरला म्हणून मी अर्ध्यातून घरी आली. कवाड लोटलेलं होतं. आत याडी मांडी घालून बसली होती अन् रंजिता तिच्या मांडीवर झोपली होती. हात दुमडून पार गळ्यापाशी. पन्हळ बाजूले, उशीवर.

"याडी! हे काय करून राह्यल्या?"

तिनं तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल वं, आत्ताच डोळा लागला."

"पन्हळ कोणी काढली?"

"मी काढली. रोजच काढतो न." अन् हासली, शाबासकी मिळन अशी. "मॅडमनं मलेच तर सांगतलं होतं, आजी, हात मोकळा ठेवा म्हणून. तुया डोस्क्याले दहा ताप, तुयाहून राहून जाते. म्हणून तू गेली का मी मोकळा करतो, तू येतपर्यंत परत बांधूनही ठेवतो. पाह्य कशी सुखानं झोपली."

"मोकळा म्हणजे सोडा नाही वं माय!"

"मंग मोकळा म्हणजे काय?"

दाव्याचं ढोर सोडलं का मोकळं झालं. केस सोडले का मोकळे. ह्या बाईनं जन्मभर मोकळं म्हणजे सुटलेलं, एवढंच आयकलं. अन् मॅडमले म्हणाचं होतं का हात पुढं जन्मभर मोकळा राहाले पाहिजे, म्हणून आज बांधून ठेवा. मोकळा राहावा म्हणून बांधा! हे कोणाले कसं समजावता? मले बसून समजावता आलं असतं. पण मले मॅडमचं ते थांबणं आठवलं, शामचं खिडकीबाहेर पाहणं आठवलं, अन् 'मम्मी गंदी' आठवलं.

"खाल्ला तुम्ही तिचा हात," मी म्हटलं. "तुमच्या लाडानं खाल्ला. आता परत मांडी कापतीन तिची, तेव्हा बसा गाणं म्हणत!"

याडीचं तोंड पांढरं पडलं. तिनं पन्हळ उचलली अन् झोपल्या लेकराच्या हाताले बांधाले लागली. घाबरून उलटी धरली होती तिनं, पट्टा लागेना. मी हिसकून घेतली. ती उठली, भिंतीले धरत धरत बाहेर गेली अन् बकऱ्यांपाशी जाऊन बसली. सांजीले जेवली नाही. सासरा दारातून मले म्हणाला, "लय बोलली, बाई."

त्यानंतर खोलीत कोणी येईना. रंजिता कवाडापाशी बसून याडी याडी करे, अन् मी शिशी घेऊन तिच्या मागं. बाहेर पाऊस, आत आम्ही दोघी. मी हात लावला का ती हात असा आवळून घेई का जेवढा उघडलेला होता तेवढाही मिटे. राखी जवळ येऊन राह्यली होती. मले समजून चुकलं होतं का हे लेकरू माझ्या हातून उघडणार नाही, अन् दुसरा हात तर घरात नाही.

एक दिवस सकाळीच याडी आत आली. हात साबणानं कोपरापर्यंत धुतलेले. चांदीचे कडे काढून ठेवले होते. मी ह्या घरात आली तेव्हापासून ते हात कड्याबिगर पाह्यले नव्हते. मनगटाले पांढरे वळ दिसत होते.

"दे ते शिशी इकडे."

"कायले?"

"ताणाचं मी करतो. कसं ते दाखव, अन् मंग तिकडे भिंतीपाशी जाऊन बस."

"तुमच्यानं होणार नाही, याडी. ती लय रडते."

"तुयानं कसं झालं?"

ती खाली बसली. शिशीचं झाकण तिले निघेना, मीच काढून दिलं. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "लेकराले एक तरी जागा पाहिजे न वं, जिथं दुखत नाही. ते जागा मायचीच पाहिजे. मी का, पिकलं पान. मले गंदी म्हटलं तर काय जाते माया बापाचं?"

रंजिता तर खुशीनं पळतच गेली तिच्या मांडीवर, गळ्यात पडली. याडीनं पन्हळ काढली, तेल घेतलं, मी दाखवला तसा अंगठा कोपराच्या खाली ठेवला, अन् हळूहळू दाबलं. पोट्टी आधी रडलीच नाही. नुसती याडीच्या तोंडाकडे पाहत राह्यली, का हे करणारी तूच हाय काय म्हणून. मंग तिनं भोकाड पसरलं.

"याडी नको! याडी गंदी!"

"हो माय, गंदीच हाय मी." म्हातारीच्या नाकाडोळ्यातून पाणी चाललं होतं, पुसाले हात मोकळा नव्हता, अन् अंगठा काही तिनं हलवला नाही.

रंजितानं कवाडाकडे पाह्यलं. तिथं कोणी नव्हतं. मंग तिनं इकडेतिकडे पाह्यलं, अन् भिंतीपाशी मी दिसली. थंडीपासून जे मले आयकाले आलं नव्हतं, ते आलं. "मम्मी, घे!" डावा हात पुढं केला, अन् मंग उजवाही. कोपर थरथरत होतं. मी उठाले लागली.

"उठू नको!" याडी ओरडली. "तिथंच राह्य. लांबवू दे तिले."

हात लांबवला असता तर पोचला असता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. लेकरू मम्मी मम्मी करून राह्यलं होतं, अन् उजवा हात एकेक बोट करत माझ्याकडे येऊन राह्यला होता. कातडं पांढरं पडलं, ताणलं, अन् अजून उलसा पुढं आला. मले वाटलं, माझ्या छातीचीच शिवण उसवून राह्यली.

"हं, आता घे," याडी म्हणाली.

तेव्हापासून रोज असंच. राखीच्या आधी यवतमाळले गेलो तर मॅडमनं यंत्र लावलं अन् म्हणाल्या, थोडा उघडला आहे, ऑपरेशनचं दिवाळीनंतर पाहू. अजून खोलीतच आहो आम्ही. पण आता पोट्टी माझ्या मांडीवर झोपते, माझी ओढणी हाती धरून. अन् बाहेर याडीच्या पायाचा आवाज आला का तोंड लपवते.

काल याडी आत आली, तर रंजिता माझ्या कुशीतून म्हणते, "याडी, तू जा."

"जातो वं माय," याडी म्हणाली, अन् खाली बसली. "तेवढी पन्हळ बांधून जातो."