आधी माडाला

"तोंड उघड गो."

मंजुळानं तोंड उघडलं नाही. धोंडूनं चमचा तिच्या ओठांशी थोडा वेळ धरला आणि परत वाटीत टाकला. पेज पार गार झाली होती. सकाळपासून हेच चाललं होतं, पालथ्या घड्यावर पाणी.

अर्धांगाचा झटका आल्यापासून पोलादपुरातल्या या दोन खोल्यांत ती दोघंच. तिची डावी बाजू गेली, जीभ जड झाली. हट्ट तेवढा शाबूत राहिला. तो काय झटक्यानं जाणारा थोडाच होता! आठवडाभर ती दोन-चार चमच्यांवर होती. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर काल सरळ म्हणाले. धोंडूला त्या नळीची धास्ती बसली होती. शेजारच्या बयाबाईला ती घातली, आणि म्हातारीनं पुन्हा तोंडानं घास घेतला नाही.

तो तरी कुठे मोकळा होता? दूध आणायला निघाला तरी बाहेरून कडी लावून जायचा, आणि परत येईपर्यंत जीव त्या कडीत अडकलेला.

फोन वाजला. कल्याणहून निशा, त्यांची लेक.

"बाबा, कुरिअर मिळालं ना? समुद्री शेवाळ आहे ते. आयोडीन, कॅल्शियम, लोह, सगळं असतं त्यात. पोटही साफ राहतं. डॉक्टरांना विचारलंय मी, थोडं चालेल म्हणाले. भिजवून पेजेत घाला. जपानची माणसं हे खाऊन शंभर-शंभर वर्षं जगतात."

"शंभर?" धोंडूनं खाटेकडे पाहिलं. "बरं."

"मीच आले असते हो, पण अश्विनची दहावी, त्यात रजा मिळत नाही..."

"ठाव हाय गो. तू नको जिवाला लावून घेऊ."

त्यानं पाकीट फोडून त्या काळपट पट्ट्या टोपात भिजत घातल्या. बघता बघता त्या फुगल्या, हिरव्या झाल्या. वास त्याला आला नाही. महाडच्या एमआयडीसीत केमिकलच्या टाक्या धुण्यात त्याचा जन्म गेला होता आणि नाक तिथंच मेलं होतं. घरात फोडणी करपली तरी मंजुळानंच सांगायचं. अजूनही खाटेवरून तीच सांगे.

आता तिनं मान वळवली.

"काय... हाय त्ये?"

"निशानं धाडलंय. समुद्राचं शेवाळ. खाल्लं की ताकद येते म्हणं."

मंजुळा हसली. अर्ध्याच तोंडानं, पण हसली. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

"आमी ह्ये... माडाला घालायचो."

तिचं माहेर श्रीवर्धनकडचं. वादळ झालं की किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग पडत, आणि वाडीतल्या पोरी ते पाट्या भरभरून माडांच्या आळ्यात ओतत. निशाच्या वेळी बाळंतपण उरकून माहेरून परतताना तिनं कोंब फुटलेला नारळ आणून दारात लावला. माड उंच झाला, पण त्याला नारळ कधी धरला नाही. समुद्राचं घातल्याशिवाय धरायचा नाही, असं मंजुळाचं म्हणणं. 'आणू गो, सुट्टी पडू दे,' असं धोंडूचं. सुट्टी पडली की ओव्हरटाइम निघे. दोन-तीन तासांच्या रस्त्यावरचा समुद्र तसाच राहिला. आता तिला गाडीत बसवायचीही सोय उरली नव्हती.

"खाईन मी," ती म्हणाली. "आधी माडाला घाला."

"अगो, पोरीनं तुझ्यासाठी धाडलंय. माडाला कशाला?"

"तुमी... घालनार व्हता."

त्यानं टोप उचलला.

खिडकीतून तिला सगळं दिसत होतं. तो गुडघ्यावर हात टेकून खाली बसला, खुरप्यानं माती उकरू लागला.

"बुंध्याला नको," आतून आवाज आला. "लांब. गोल घाला."

"घालतो गो. आयुष्यभर तुझंच ऐकतोय."

"कदी?"

मूठभरच तर होतं. त्या एवढ्या आळ्यात ते कुठं पुरणार, पण त्यानं चिमटीचिमटीनं गोल पुरा केला आणि वर माती ओढली. महामार्गावरून ट्रक कशेडी घाटाकडे जात होते. त्यातला एकही श्रीवर्धनला जाणारा नव्हता, हे आज त्याला उगाचच लागलं.

नुसतीच पेज पुन्हा गरम केली. मंजुळानं शब्द पाळला. माडाकडे बघत बघत तिनं निम्मी वाटी संपवली, आणि नळीची धास्ती त्या दिवसापुरती तरी धोंडूच्या छातीवरून उतरली.

निशाचा पुन्हा फोन आला. "खाल्लं का आईनं?"

"खाल्लं की. निम्मी वाटी."

"बघा, म्हटलं नव्हतं? अजून पाठवते."

"धाड," धोंडू म्हणाला. "जरा जास्त धाड."

फोन ठेवून त्यानं बोटं नाकाशी नेली. मातीचा नाही, पाण्याचा नाही, कसलाच वास नाही.

"मंजुळे, वास येतो काय गो? समुद्राचा?"

त्यानं बोटं तिच्या नाकाशी धरली. मंजुळानं डोळे मिटले. तिचा उजवा हात गोधडीतून बाहेर आला आणि त्यानं धोंडूचं मनगट पकडलं. पेज निवत चालली होती, तो उभ्या उभ्या वाकून अवघडला होता. तिनं हात सोडला नाही, आणि त्यानंही काढून घेतला नाही.