बॅजमागची चुंबकं

मंडळाच्या गणपतीत बॅजला टाचणी चालत नाही, हा पार्सिपनी या अमेरिकन गावातला अलिखित कायदा. पैठणीला भोक पाडणाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी मोदकसुद्धा वाढणार नाही! म्हणून बॅजला चुंबकाची पट्टी. पट्टी पदराच्या आत, बॅज बाहेर, मधे पैठणीची जर सुखरूप. हे बॅज सांभाळायचं काम नीलाकडे. शनिवारी सकाळी तिने खोकं उघडलं, तर निम्म्या पट्ट्यांवरची चुंबकं गायब, नुसता वाळका गोंद उरलेला. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. घरातले दागिने सोडून चुंबकं नेणारा हा कुठला चोर?

"त्र्यंबक, अरे तू घेतलीस का रे..." म्हणत ती गराजमध्ये शिरली आणि तिच्या नवऱ्याने हातातल्या वस्तूवर चटकन फडकं टाकलं. त्र्यंबकचं एक होतं, काही लपवायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे. आत्ता ते लालभडक झाले होते.

फडक्याखालून निघाली पितळेची नळी. टॉर्चएवढी, पण काच नाही. एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला बारीकशी चोच. शेजारी नीलाची चुंबकं, टिकल्यांसारखी विखुरलेली.

"हे काय? अत्तरदाणी?" गणपतीसाठी काही आणलंय की काय, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

"आत स्प्रिंग होती," तो घाईघाईने सांगायला लागला. "ती गरम होऊन बसायची आणि बटण दाबलेलंच राहायचं. म्हणून ती काढली. आता ही दोन चुंबकं समोरासमोर अशी ठेवायची की ती एकमेकांना ढकलतील. बोट उचललं की बटण आपोआप वर. बघ!"

बटण टपकन वर आलं. अशा वेळीसुद्धा त्याचा चेहरा खुलला. इंजिनीअर माणसं, काय बोलायचं!

"अरे, पण हे आहे काय?" तिने नळी नाकाशी नेली. आंब्याचा वास आला, गोडमिट्ट आणि खोटा. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये पोरं ओढत उभी असतात, तिथे येतो तो. व्हेप, बॅटरीवरची सिगारेट!

नीलाच्या पायाखालची जमीन सरकली. गेल्या वर्षी याच्या हृदयात दोन स्टेंट घातले होते. घरी आल्यावर याने आपणहून अनिकाच्या, एकुलत्या एका लेकीच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, पुन्हा तोंडातून धूर काढणार नाही म्हणून.

"पोरीची शपथ मोडलीस? पोरीची?"

नेमकी तेव्हाच अनिका कॉफीचा मग घेऊन दारात आली. बावीस वर्षांची, कॉलेज संपवून यंदाच घरी परतलेली. नळी पाहिली आणि ती जागीच थिजली.

"माझंच आहे ते," त्र्यंबक म्हणाला. "चुकलं माझं." त्याचे कान अजून लालच होते, पण संतापात नीलाचं तिकडे लक्ष कुठलं!

"बाबा..."

"अनिका, तू वर जा."

ती गेली. मग नीला जे बोलायचं ते बोलली, आणि जे बोलू नये तेही.

राग आला की नीला कपडे धुवायला काढते. मशीनमध्ये टाकताना अनिकाचा हुडी हातात आला. खिशाला पडलेलं भोक काळ्या जाड दोऱ्याने शिवलेलं, टाके असे की पोतं शिवलंय म्हणावं. हे टाके त्र्यंबकचे, शर्टाची बटणंही तो अशीच लावतो. आत बोटं घालून पाहिलं, तर कापड जळून कडक झालेलं.

तिचं डोकंच चालेना. त्र्यंबकचं व्हेप अनिकाच्या खिशात कशाला जाईल? बापाला लपवायला मदत करते की काय ही? मग टाके याने का घातले? तिने स्वतःला सगळे प्रश्न विचारले. उत्तर तर समोरच होतं, पण ते आपल्याला दिसू नये असंच तिला वाटत होतं.

त्र्यंबक अजून गराजमध्येच बसला होता. तिने हुडी त्याच्यापुढे टाकला.

"केव्हापासून?"

"मी हॉस्पिटलमध्ये होतो तेव्हापासून. भीती वाटायची म्हणे तिला."

"आणि तू तिला रिपेअर करून देतोयस? बाप आहेस की दुकानदार?"

"तेच कळत नाहीये गं. पोटाला हा एवढा फोड आला तेव्हा रडत माझ्याकडे आली. काढून घेतलं असतं तर दुसरं आणलं असतं, चोरून. हळूहळू सोडते म्हणाली. म्हटलं, तोवर निदान भाजू तरी नये. आणि खरं सांगू? चुंबकही तापलं की ढिलं पडतं. म्हणजे हे तरी मी बरोबर केलंय का, देव जाणे."

"तू ओढलंस?"

"नाही. वासाने जीव कासावीस होतो. पण नाही."

नीलाने त्याच्या कानांकडे पाहिलं. लाल नव्हते. त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि या ओढाताणीत तिने दोन्ही केलं नाही.

"आई." अनिका दारात उभी होती, रडून नाक लाल झालेलं. "इट्स माइन. बाबा खोटं बोलला. मी क्विट करते. आजपासून. प्रॉमिस."

आईचा चेहरा हलला नाही. नुसतं प्रॉमिस पुरत नाहीये, हे पोरीला कळलं. मग मोठ्या माणसांनी या घरात जे केलेलं तिने पाहिलं होतं, तेच ती करायला गेली. पुढे आली आणि तिने त्र्यंबकच्या टकलावर ठेवायला हात उचलला. "बाबाची शप..."

"त्याची नको!" नीला ओरडली आणि तिने झडप घालून लेकीचं मनगट धरलं.

अनिकाने आपल्या हाताकडे पाहिलं, मग आईकडे.

"यू डोन्ट बिलीव्ह मी."

"माहीत नाही गं, बाळा," नीला म्हणाली. पण तिने मनगट सोडलं नाही.