चार बोटं ढील

बळीराम फिटरच्या घरात ढिलं असं काही चालायचंच नाही. खाटेची नवार जरा सैल झाली की त्याच संध्याकाळी कसली जायची. पोरीच्या वेण्या तर अशा घट्ट घातल्या जायच्या की शाळा सुटेपर्यंत शैलजाच्या भुवया वर त्या वरच. "काम कसं पाहिजे? टण्ण वाजलं पाहिजे!" असं म्हणून बळीराम कसलेल्या बोल्टावर पान्यानं टोला हाणून दाखवायचा. आणि ते वाजायचंही हो, खोटं कशाला बोला.

पासष्ट सालच्या ऑगस्टात सीमेवर गोळ्या झडायला लागल्या आणि जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या लावल्या. बळीराम घरी यायचा तो जेवायला आणि झोपायला. दरवर्षी हिवाळ्यात शाळेच्या गर्ल गाइड पथकाचा, म्हणजे कंपनीचा, कॅम्प निघाला की तंबू ठोकायला तोच जायचा. यंदा कॅम्प पावसाळ्यातच ठरला, आणि जाणार कोण? सुनेत्राबाई इतिहास शिकवायच्या आणि दोन महिन्यांपूर्वीच कंपनी त्यांच्या गळ्यात पडली होती. सलाम आणि गाणी त्यांना छान यायची. तंबूचं त्यांनी सरळ सांगून टाकलं, "शैलजा, ते तू पाहा बाई."

शाळेचे सेक्रेटरी बापूसाहेब यांचा तर कॅम्पलाच विरोध. "लढाईच्या दिवसांत, भर पावसात, पोरींना रानात काहून न्यायचं? वर्गात बसून जवानांसाठी मोजे विणा म्हणा." सुनेत्राबाईंनी फार गळ घातली तेव्हा कुठे ते अटीवर तयार झाले. रविवारी सकाळी आठला ते स्वतः येणार. सगळे तंबू उभे आणि सोळाच्या सोळा पोरी कोरड्या दिसल्या तर कंपनी राहील. नाही तर तंबू गोदामात आणि पोरी मोज्यांवर.

 घरी शैलजा चौघा भावंडांची ताई, वर्गात गणितात जेमतेम काठावर. कंपनीत मात्र ती लीडर होती. तिनं शिट्टी वाजवली की सगळ्या पोरी धावत यायच्या. हे सुख दुसरीकडे कुठेच नव्हतं, आणि ते मोज्यांपायी सोडायला ती काही तयार नव्हती.

शनिवारी दुपारी अधारतालवरून चालत चालत कंपनी रिछाईच्या पुढच्या आमराईत पोचली. आमराई नथ्थू नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची. तासाभरात चार तंबू उभे राहिले. शैलजानं एकेका दोराला बोट लावून पाहिलं. टण्ण! टण्ण! बाबा असते तर पाठ थोपटली असती. कडेला विडी ओढत बसलेला नथ्थू म्हणाला, "बिटिया, रस्सी सन की है. भीगेगी तो सिकुड़ेगी. थोड़ी ढील छोड़ दे."

"नहीं दादा, ठीक है," शैलजा ठसक्यात म्हणाली.

कंपनीतली सगळ्यात लहान बेबी. ती हळूच म्हणाली, "ताई, तागाचा दोर भिजला की आखडतो, असं ते म्हणून राहिले तर ऐकू न जरा?"

"फिटरची पोरगी मी आहे का ते? ढिला तंबू पाहिला तर बापूसाहेब हसतील." झालं, विषय संपला.

चार वाजता पाऊस आला. आला म्हणजे काय, असा कोसळला की समोरचं आंब्याचं झाड दिसेना. आधी पोरींना मजा वाटली, तंबूत बसून त्या गाणी म्हणायला लागल्या. अर्ध्या तासानं तिसऱ्या तंबूची एक खुंटी फाट्कन जमिनीतून निघून हवेत उडाली. दुसरी उडाली. अख्खा तंबू चार पोरींवर आणि त्यांच्या वळकट्यांवर बदकन बसला.

"हातोडा आण!" शैलजा ओरडली. खुंट्या आणखी खोल ठोकल्या, दोर होते त्यापेक्षा आवळले. अंगातच होतं ते तिच्या, सुटलं की कसायचं. तिचं काम होतंय न होतंय तोच पहिल्या तंबूचा दोर बांधायचा कान टर्रकन फाटला आणि वीतभर कापड दोराला लोंबत राहिलं. तोही बसला. सुनेत्राबाई डोक्यावर घमेलं धरून उभ्या, "आता गं काय?" एवढंच त्यांच्या तोंडून निघत होतं.

डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन नथ्थू बांधावर येऊन थांबला होता.  शैलजानं उरलेल्या तंबूच्या दोराला हात लावला. लोखंडाच्या सळीसारखा ताठ झाला होता तो, आणि अजून आवळत होता. बाबा बोल्ट कसतात, पण बोल्ट काही पाण्यात आखडत नाही! एवढं साधं आपल्याला कळू नये? तिला स्वतःचा इतका राग आला, इतकी लाज वाटली, की पावसातही कान गरम झाले. पण रडत बसायला वेळ कोणाला होता?

तिनं शिट्टी फुंकली. "सगळे दोर सोडा! सैल करा!"

"पण ताई, तूच तर म्हणाली होती..." बेबी चाचरली.

"चुकलं माझं. सोड लवकर."

मग मात्र पोरींनी कमाल केली. नथ्थूनं दाभण आणि सुतळी आणून दिली, दोघींनी फाटका कान दुहेरी टाके घालून शिवला. चौघींनी तंबूंभोवती चर खणले. दिवस बुडायच्या आत चारही तंबू पुन्हा उभे, दोर मात्र या खेपेला ढील ठेवून. भिजलेल्या पोरींनी दुसऱ्यांचे कपडे अंगावर चढवले आणि सोळाजणींनी करपलेली खिचडी अशी चापली की पातेलं घासायची गरज उरली नाही.

रविवारी सकाळी ऊन पडलं. आठला बापूसाहेब छत्री घेऊन जीपमधून उतरले. त्यांच्या मागोमाग सायकल मारत बळीरामही आला. रात्रपाळी संपवून थेट, हाताला ग्रीस तसंच. पोरीची परीक्षा, त्याला घरी झोप थोडीच लागणार होती!

आणि आला तो थबकलाच. उन्हानं दोर वाळून चक्क झोळीसारखे लोंबत होते.

"शैले! हे काय करून ठेवलं?" तो पुटपुटला. बापूसाहेब पाहायच्या आत आवळून टाकावं म्हणून त्यानं घाईनं दोराला हात घातला.

"बाबा, हात नका लावू."

आवाज चढवलेला नव्हता, पण बळीरामचा हात जागीच थांबला. जन्मात पोरीनं त्याला असं काही सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा पडला. तरी शैलजा हलली नाही. उत्तरेकडून आभाळ पुन्हा काळं होऊन येत होतं.

बापूसाहेब तंबूंभोवती फिरले. "दोर लोंबून राहिलेत. याला बंदोबस्त म्हणायचं?"

"सर, चहा घ्या. मग सांगा."

चहा उकळेपर्यंत पावसानं गाठलंच. सगळे तंबूत शिरले. बापूसाहेबांचा दुसरा कप होईस्तोवर बाहेरचे दोर भिजून हळूहळू वर उचलले गेले आणि सरळ झाले. खुंटी एक हलली नाही. बळीराम पावसात बाहेर गेला. त्यानं एका दोराला बोटानं छेडलं. टण्ण!

"पोरी, हे तुला कोणी शिकवलं? वडिलांनी?" बापूसाहेबांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळंच जमून गेलं असतं. बाबा खूश झाले असते आणि कालचं कोणालाच कळलं नसतं. सुनेत्राबाईंनी तर डोळ्यांनी तसं सुचवलंही.

"नाही सर. या नथ्थूदादांनी. काल मी त्यांचं ऐकलं नाही, म्हणून दोन तंबू पडले."

"पडले?" बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. सगळे तंबू उभे असावेत ही अट त्यांचीच होती. पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"पडले होते. पोरींनी तासाभरात उभे केले. आज पाहा सर, सगळ्या कोरड्या आहेत."

बापूसाहेबांनी शिवलेला कान पाहिला, वरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, पोरींच्या उसन्या फ्रॉकांकडे पाहिलं. मग कप पुन्हा उचलला. "सुनेत्राबाई, पुढच्या वर्षी चोवीस पोरी न्या. आणि मोजेही विणा, दोन्ही होतं."

पोरींनी असा कल्ला केला की नथ्थूचे बैल बुजले.

बळीराम अजून बाहेरच भिजत उभा होता. शैलजा त्याच्याजवळ गेली. बाबा रागावले असतील, या भीतीनं तिचा जीव टांगणीला लागला होता. त्यानं तिच्याकडे न पाहता विचारलं, "कोरडा असताना किती ढील होती?"

"चार बोटं."

बळीरामनं ग्रीसनं काळी झालेली चार बोटं दोरावर टेकवून माप घेतलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "चल, मला दाखव. त्या कोपऱ्यातला अजून थोडा सोडायला पाहिजे का?"