मागच्या पायाचं माप

फितीचं पितळी टोक कधीच निघून गेलं होतं आणि पहिला इंच झिजून पांढरा पडला होता, म्हणून जनकाबाई माप नेहमी एकच्या आकड्यावरून सुरू करायची आणि शेवटी मनात एक वजा करायची – तीस वर्षांत नांदुऱ्यातल्या निम्म्या बायांचे ब्लाऊज या वजाबाकीवर शिवून झाले होते, आणि दंडात घट्ट झाला म्हणून एकही परत आला नव्हता. आज मात्र तीच फीत बोटाभोवती गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत ती टिनाच्या शेडशी उभी होती आणि समोर मैना शेपटीनं माशा हाकत होती. समोर म्हणजे पाठमोरी. इतक्या दिवसांत नेमकं आजच घोडीला भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं सुचलं होतं.

मैनेचं तोंड तिच्या ओळखीचं होतं. गूळ, भिजवलेले हरभरे, कानामागची खाज, डोळ्यातली चिपडं... हे सगळं जनकाबाईचं. मागची बाजू हिंमतरावांची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा मैनेची आजी दावणीला होती, आणि तेव्हापासून घोडीची ही अशी वाटणी चालत आली होती, कुणी न बोलता. पुढचं बायकोचं, मागचं नवऱ्याचं. वैशाखात मागच्याच पायानं हिंमतरावांच्या मांडीचं हाड मोडलं. अकोल्याला पट्टी-स्क्रू बसवून आणले, आता ते अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलतात – दाणे ताटात पडतात, टप्, टप् – आणि मैनेला वरातीत पुतण्या नेतो.

डीजेसमोर, डांबरावर, मैना नाचते तेव्हा मागचे पाय एकमेकांवर आपटतात. दोन्ही पायांना आतून, खुराच्या वरच्या सांध्याशी, रुपयाएवढं कातडं गेलं होतं. खामगावच्या कय्यूमभाईंनी – खोगीर, लगाम शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही – घोडीच्या पायांवर बांधायचे कातडी बूट शिवून दिले, तर त्या बुटांनीच सांधा सोलला. पुतण्यानं माप घेतलं होतं ते घोडी एक पाय ढिला सोडून, खुराचं टोक टेकवून उभी असताना. घोडी अशी पेंगते, पाय पाळीपाळीनं विसावते. त्याला वाटलं, शांत उभी आहे तोवर उरकून घ्यावं. काल फोनवर कय्यूमभाई हसले होते, पण पुरते हसले नव्हते.

"भाबी, तुमी तर शिलाईवाल्या. बाई वाकून उभी असली तर तुमी माप घेता का? भार पडला का सांधा खाली बसते. घोडी पायावर उभी राहील तवाच फीत लावा. आन् हात फिरवून पाहा – निसते सांध्याचे आखूड बूट पाहिजेत, का पुऱ्या नळीचे उंच. पोराचं माप मले चालनार नाई. तुमीच घ्या."

तुम्हीच घ्या! परवा लग्न आहे, आज कातडं कापायचं आहे, आणि तुम्हीच घ्या.

"बोलत जाय," बाजेवरून हिंमतराव म्हणाले. "मागं असेपर्यंत तोंड बंद नको करू. तिले मागचं दिसत नाई. आवाजावरून समजते तिले, कोन हाय, कुठं हाय."

हे काय तिला माहीत नव्हतं? सदतीस वर्षं तिनं स्वयंपाकघरातून ते बोलणं ऐकलं होतं. खरारा करताना, खूर उचलताना, शेण काढताना हिंमतराव अखंड बोलायचे – ग्रामपंचायतीतली भांडणं, कापसाचा भाव, शेजारणीची चहाडी, सगळं घोडीच्या पाठीमागे. बायकोशी दिवसाकाठी दहा वाक्यं, घोडीशी हजार. तिला हसूही यायचं आणि, खोटं कशाला, हेवाही वाटायचा.

आणि वैशाखातली ती दुपार... पातेलं खाली उतरवलं होतं, चहा गाळला होता, ते मैनेच्या मागे उकिडवे बसून काहीतरी रंगवून सांगत होते. तिनं दारातून हाक मारली. आवो, चहा. एवढंच. ते वाक्य अर्धवट सोडून दाराकडे वळले, गप्प झाले – आणि त्या गप्प क्षणात त्यांचा हात मैनेच्या पायाला लागला. अनोळखी हात. कुणाचाच नसलेला हात.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हिंमतराव सांगत, "घोडीची चूक नाई, मीच चुप झालो." का गप्प झालो, ते सांगत नसत. त्यांना आठवत नाही, की आठवतं आणि ते झाकून ठेवतात? विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. सात महिने ती सांगायची राहिली होती.

"मैने," ती म्हणाली. आवाज चोरट्यासारखा निघाला. पाठीवर हात ठेवून, हात न उचलता, ती कण्याकडून मागे सरकली. "मैने, मी हावो. जनका. हे पाह्य... फीत हाय. ब्लाऊजची." मैनेचा एक कान मागे वळला. जनकाबाई खाली बसली. शब्द संपत आले होते. तिनं नळीला हात घातला.

बाई गं!

वर मांडीचा एवढा डोंगर, आणि खाली हे – मांस नाहीच, नुसतं हाड, दोरीसारख्या शिरा आणि वर कातडं. हाताला ऊन लागणारं, जिवंत. मैनेनं पेंगणं सोडलं, भार पालटला, आणि हातातल्या हातात तो पाय दुसराच झाला. ढिल्या शिरा ताणून उठल्या, सांधा खाली बसला, चार क्विंटलांच्या घोडीचा भार आपल्या पंज्यातून जमिनीत उतरताना तिला कळला. तिनं फीत लावली. साडेनऊ. एक वजा, साडेआठ. कॉलेजातल्या पोरीचा दंड यापेक्षा जाड असतो. आणि वरातीत मैना पुढचे पाय उचलून उभी राहते तेव्हा सगळी, सगळी घोडी, वर बसलेल्या नवरदेवासकट, अशा दोन साडेआठ इंचांवर! ज्या पायानं घरचा माणूस बाजेवर बसवला त्याचा राग धरून ती इथवर आली होती, आणि आता तिला हात काढवेना.

बोट केसांखालून फिरलं. आत, सांध्याच्या वर, एक खरबरीत रेघ. तिच्यावर आणखी एक. नळीभर जुने व्रण, केसांनी झाकलेले – किती वराती, किती वर्षांचे. कुणाला दिसले नव्हते. ही कधी लंगडली नव्हती. उंचच बूट लागतील, तिनं ठरवलं, वरपर्यंत, आतून जाड कातड्याचे.

आणि तिच्या ध्यानात आलं की आपण केव्हापासून गप्प आहोत.

मैनेचे दोन्ही कान मागे पडत होते. हाताखालची पायाची शीर कडक झाली. काहीतरी बोल, काहीही, कापूस, शेजारीण... पण तोंडात एकच गोष्ट होती, सात महिन्यांची, आणि तीच बाहेर आली.

"त्या दिवशी मीच हाक मारली व्हती वं. चहासाठी. थे माह्याकडं वळले अन् चुप झाले. तुहा काई कसूर नाई, मैने. त्यायचाबी नाई. माह्या हाकेनं झालं."

मैनेनं लांब श्वास सोडला. शीर भारानं ताणलेलीच, पण कडकपणा गेला.

अंगणात दाण्यांची टपटप थांबली होती. जनकाबाई मान वळवू शकत नव्हती. पाठीमागे बाज आहे, बाजेवर माणूस आहे, त्याचा चेहरा कसा आहे – दिसत नाही, आवाजावरूनच कळणार. मैनेला सगळा जन्म असंच वाटत असेल...

"बोलत राह्य वं," हिंमतरावांचा आवाज आला. हळू. "चुप नको होऊ. अजून मागंच हायेस तू."

ऐकलं त्यांनी? की नुसती लाथेची भीती? घोडीचा भार तिच्या पंज्यातून उतरतच होता. तिनं तोंड उघडलं आणि त्या दिवशी चहात साखर किती टाकली होती, तिथपासून सांगायला लागली.