कामाचं वेगळं, घरचं वेगळं

ताईने घराबाहेर पडताना बजावलं ते एवढंच, की माझं जिथे आहे तिथून हलवू नकोस, तुझं बाजूला मांड. धाकटीने मान डोलावली ती नेहमीसारखीच, अर्धं ऐकून.

आता धाकटी म्हणजे काही फ्रॉकमधली पोर नव्हे. अडतीस वर्षांची बाई, गेली बारा वर्षं लोकांना जपानी शिकवून पोट भरणारी. पण थोरली बहीण असली की माणूस साठीतही धाकटंच राहतं, त्याला इलाज नाही. ताई वीस वर्षं एका मोठ्या इस्पितळासाठी भाषांतर करत होती. जपानी पेशंटचे रिपोर्ट जपानीत करून द्यायचे, आणि त्यांच्या चिठ्ठ्या, तक्रारी, संमतीपत्रं डॉक्टरांना कळतील अशी उलटी आणायची. तीन महिन्यांपूर्वी तिचं मनगट धरलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, तात्पुरतं तू बघ, असं ती परवा म्हणाली. पेशंटचे कागद या कॉम्प्युटरच्या बाहेर न्यायचे नाहीत असा इस्पितळाचा नियम होता, म्हणून धाकटीला इथेच, ताईच्या खुर्चीत बसून काम करायचं होतं.

यात एक अडचण होती. जपानी टाइप करणं आपल्यासारखं सरळ नसतं. आधी उच्चार लिहायचा, मग कॉम्प्युटरात बसलेला एक अदृश्य कारकून अंदाज बांधून पुढे चार-पाच पर्याय धरतो, त्यातला हवा तो आपण उचलायचा. हा कारकून मोठा लक्षात ठेवणारा. तुम्ही काल काय लिहिलंत ते त्याला पाठ असतं, आणि आज दोन अक्षरं लिहिलीत की कालचं अख्खं वाक्य तो तोंडासमोर आणतो. ताईकडे असे दोन कारकून होते. कामासाठी अँथी, घरच्या पत्रांसाठी मोझ्क. पूर्वी एकच होता. पण एकदा जपानमधल्या जुन्या मैत्रिणीला नातू झाल्याचं अभिनंदन लिहिताना त्याने मध्येच 'शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव' असं सुचवलं, आणि दुसऱ्या दिवशी ताईने दुसरा बसवला. कामाचं वेगळं, घरचं वेगळं. मॉनिटरच्या खाली तशी चिठ्ठीच चिकटवलेली होती.

ताई जुन्या वळणाची. कीबोर्डच्या कळेवर छापलेलं जपानी अक्षर थेट दाबायची. धाकटी इंग्रजी अक्षरांतून उच्चार लिहिणारी. एकीची सवय दुसरीच्या कारकुनाला लावली असती तर त्याची पार दैना झाली असती. म्हणून धाकटीसाठी तिसरा, एसकेके नावाचा, बसवायचा ठरला.

पण ताईचा कॉम्प्युटर चालायचा लिनक्स नावाच्या प्रणालीवर, आणि लिनक्स म्हणजे नमनाला घडाभर तेल. काळ्या खिडकीत आज्ञा लिहून तिने एसकेके उतरवून घेतला. लॉग आउट केलं, परत आत आली, तर काही नाहीच. पुन्हा केलं तर ब्राउझरमध्ये जपानी उमटतंय आणि लिहायच्या प्रोग्रॅममध्ये नुसते रिकामे चौकोन. कुठल्याशा फायलीत एक ओळ राहिली होती, ती घालेपर्यंत तिच्या नाकी नऊ आले. शेवटी साडेअकराच्या सुमारास चौकोनांच्या जागी अक्षरं आली. त्या खुशीत बाईसाहेबांनी कारकुनांच्या यादीत आपला एसकेके ओढून पहिल्या नंबरावर आणून ठेवला. हलवू नकोस म्हणून सांगितलेलं साफ विसरून.

तिन्हींमध्ये जा-ये करायला एकच कळ होती. दाबली की पुढचा. आणि खाली कोपऱ्यात तिन्हींसाठी एकच जपानी 'अ' दिसायचं. कोण बसलंय ते त्यावरून कळायचं नाही. ताईची बोटं मोजून दाबत असणार, तिला कधी चिन्ह बघावंच लागलं नसेल. धाकटीने ती कळ एकदा दाबली की दोनदा, ते तिलाही सांगता आलं नसतं. ताईचं नीट चालतंय ना एवढं बघायचं होतं. मनात आला तो पहिला शब्द लिहायला घेतला, 'धाकटी बहीण'. जपानीत चार अक्षरं. ताईच्या पद्धतीची सवय नसल्याने नवशिक्यासारखी एकेक कळ शोधत तिने तीन दाबली, आणि चौथीच्या आधीच यादी उघडली.

पहिला पर्याय होता, धाकटी बहीण. दुसरा होता, धाकट्या बहिणीला सांगू नका.

तिने आधी सगळं खोडून टाकलं, जणू चोरी तिनेच केली होती. मग स्वतःलाच दम भरला. अगं, इस्पितळाचं काम आहे हे. पेशंट असंच लिहितात. घरच्यांना कळू देऊ नका, आईला सांगू नका, बहिणीला सांगू नका. वीस वर्षांत ताईने अशी वाक्यं शेकड्याने लिहिली असतील. अँथीने त्यातलंच एक काढून दाखवलं, झालं.

पण ते दाखवणारा अँथीच होता कशावरून?

अँथी असेल तर कुणा परक्या बाईची परकी बहीण. मोझ्क असेल तर ताईची बहीण, आणि ताईला बहीण एकच होती. यादीचा क्रम तर हिनेच बदलून ठेवलेला, त्यामुळे आपण कुठे होतो ते आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

ती उठून बाहेर आली. भावोजी शर्टांना इस्त्री करत होते. ताईचं मनगट कसं आहे हो आता, असं तिने जाता जाता विचारावं तसं विचारलं. भावोजी म्हणजे मोजकं बोलणारा माणूस, एका प्रश्नाला एकच उत्तर, तेही निम्मं. ते म्हणाले, बरं आहे. मग म्हणाले, व्यायामाने पुष्कळ फरक आहे. मग पुन्हा म्हणाले, बरं आहे. आणि इस्त्री केलेलाच शर्ट पुन्हा पसरून त्यावर इस्त्री फिरवू लागले.

धाकटी पाणी प्यायली आणि परत आत गेली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खरंच आहे. आठवणी आपोआप निघायला लागल्या. गेल्या महिन्यात ताईने बरणीचं झाकण तिच्यापुढे सरकवलं होतं, काही न बोलता. फोन हल्ली टेबलावर ठेवूनच बोलते. इतके दिवस या गोष्टी नुसत्या गोष्टी होत्या.

सेटिंग उघडून तिने बाकी सगळं बाजूला काढलं आणि एकटा अँथी ठेवला. चार अक्षरं लिहिली. अँथीने धाकटी बहीण दिली, धाकट्या बहिणीची संमती दिली, धाकट्या बहिणीचा रक्तगट दिला. ते वाक्य दिलं नाही. तिने पुन्हा लिहून पाहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं. इतक्या मनापासून तिने आयुष्यात कुठल्या यंत्राची विनवणी केली नसेल. यादी तेवढीच राहिली.

राहता राहिला मोझ्क. तो सुरू करायला एक क्लिक पुरे होती आणि तिला त्या एका क्लिकला पाच मिनिटं लागली. करू नये, असंही वाटलं. ताई व्यायामाहून तासाभरात येईल, तोवर एसकेके नीट करून गप्प बसावं. ज्याने त्याने आपलं सांगायचं तेव्हा सांगावं. पण न बघता आता घरी जाणार कशी आणि रात्री झोपणार कशी? तिने क्लिक केलं. तीन अक्षरं झाली आणि वाक्य समोर आलं. धाकट्या बहिणीला सांगू नका.

इथेच थांबायला हवं होतं, पण भीती एकदा चालायला लागली की आपल्या हातात राहत नाही. जपानीत 'हात' हा शब्द एका अक्षराचा. तिने ते अक्षर दाबलं. मोझ्कने इमानदार नोकरासारखं सगळं पुढे मांडलं. हाताची पकड. हातातली ताकद कमी होत आहे. हात चालतात तोवर तिला सगळं शिकवायचं आहे.

पुढे तिने 'आणखी' लिहिलं. आणखी दोन वर्षं, फार तर तीन.

अजून एक शब्द होता. तो लिहिला असता तर कारकुनाने काय काढून दाखवलं असतं याची तिला इतकी भीती वाटली, की तिने दोन्ही हात उचलून मांडीखाली दाबून धरले. दाराचं कुलूप वाजलं तेव्हाही ती तशीच बसली होती.

ताई आत आली. कोपराने दार ढकलून आली, हेही धाकटीला आजच दिसलं. ताईची नजर पडद्यावर गेली. खिडकी बंद करण्याचं भान धाकटीला राहिलं नव्हतं आणि ती यादी उघडीच होती. ताई वाचत राहिली. मग पलंगाच्या कडेवर बसली.

"मनगट नाहीये ते," ती म्हणाली.

नसांचा आजार होता. नाव लांबलचक होतं, ते ताईने दोनदा सांगूनही धाकटीच्या डोक्यात शिरलं नाही. बोटांपासून सुरू होतो, मग दंड, मग पाय, पुढे बोलणं आणि गिळणं. थांबवता येत नाही. कळून आठ महिने झाले होते. व्यायाम म्हणून ती जायची ते तपासणीला जायची. जपानमधली मैत्रीण आयुष्यभर नर्स होती, म्हणून तिला सगळं लिहिलेलं होतं. मैत्रिणीचा मुलगा दर सुट्टीत इकडे यायचा आणि धाकटीला भेटायचा, बोलता बोलता त्याच्या तोंडून निघू नये, म्हणून ते वाक्य.

धाकटी चिडली. भीती जास्त झाली की माणूस चिडतंच. भावोजींना माहीत, मैत्रिणीला माहीत, आणि मी काय वाटेवरची आहे का, असं ती बरंच काही बोलली. ताईने तिला बोलू दिलं.

"तुला सांगितलं असतं तर तू माझा हात धरून बसली असतीस," ताई म्हणाली. "काम शिकायला बसली नसतीस. मला तू कामाला बसलेली हवी होतीस."

तात्पुरतं वगैरे काही नव्हतंच. इस्पितळात ताईने कधीच सांगून ठेवलं होतं, माझ्यानंतर माझी बहीण. अँथीतला वीस वर्षांचा शब्दसाठा एसकेकेत कसा आणायचा तेही तिने वहीत लिहून ठेवलं होतं. पहिली पानं तिच्या नेहमीच्या अक्षरात होती. शेवटची पानं वाचायला धाकटीला वही डोळ्यांजवळ धरावी लागली.

भावोजी दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. मग ताईनेच विषय काढला, तोही कामाचा. म्हणाली, तुझं बसवून झालं, आता माझ्यासाठी एक चौथं बसव. पडद्यावरच अक्षरं असतात ना, एका बोटाने टिचकी मारून लिहायची, तसलं. कळा दाबणं आताशा जड जातं.

धाकटीने डोळे पुसले आणि काळी खिडकी उघडली. आज्ञा दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर बसली. पडद्यावर अक्षरांची चौकट आली. ती कुठल्या बाजूला ठेवायची ते ठरवायचं होतं.

"डावीकडे ठेवू की उजवीकडे?" तिने विचारलं. "कुठल्या हाताने लिहिशील?"

ताईने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"आधी कुठला जाईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही, छोटे," ती म्हणाली. "दोन्हीकडे ठेव."