पाठमोरा चिरा

सुरगाण्याकडच्या डोंगरात करंजपाडा नावाचा पाडा आहे. पाड्याच्या वरच्या अंगाला, घाटरस्त्याला लागून, चिऱ्यांची एक रांग होती. चिरा म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड. माणूस गेला तरी त्याला पाड्यात बसायला जागा हवी, म्हणून घरचे लोक चिरा बसवतात. रांगेतले सगळे चिरे उगवतीकडे तोंड करून होते. एकच चिरा मावळतीकडे बघत होता. पोरं त्याला ‘पाठमोरा पेतरू’ म्हणायची.

तो चिरा पाड्यातल्या कुणाचा नव्हता. तो इटलीच्या एका शिपायाचा होता, आणि त्याची देखभाल झुंबरबाई करायच्या. आता त्यांची ऐंशी उलटून गेली होती. गुडघे बोलायला लागले होते, तरी सणावाराला त्या चढण चढून जायच्या, पेतरूच्या चिऱ्यावरचं गवत काढायच्या, पाणी घालायच्या आणि म्हणायच्या, “बस, आता गार वाटंल.”

हा पेतरू इथे कसा आला, ते झुंबरबाईंच्या आईनं, सोनीबाईनं, त्यांना सांगितलं होतं. मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, इंग्रजांनी इटलीची माणसं धरून हिंदुस्थानात आणली. त्यातली एक टोळी हा घाटरस्ता करायला पाठवली. सैन्यातल्या प्रत्येकाच्या हातात बंदूक असतेच असं नाही. इटलीच्या फौजेत कामकऱ्यांच्या वेगळ्या पलटणी होत्या. वयानं थोराड, संसारी माणसं त्यात घालत. फौजेच्या पुढं जाऊन त्यांनी रस्ते करायचे, पूल बांधायचे, खंदक खणायचे. पेतरू तसल्या पलटणीतला. आफ्रिकेच्या वाळूत रस्ता करता करता तो पकडला गेला आणि करंजपाड्याच्या घाटात पुन्हा रस्ताच करायला लागला. राज्य बदललं, त्याच्या हातातलं फावडं काही बदललं नाही.

सोनीबाई त्याच कामावर खडीच्या पाट्या वाहायची. तिचा नवरा लहानू तेव्हा घरी नव्हता. इंग्रजांनाही रस्ते करायला माणसं लागत होती. सुरगाण्याच्या बाजारात भरती झाली, लहानू तिच्यात गेला आणि बोटीत बसून थेट इटलीला पोचला. म्हणजे पेतरू लहानूच्या डोंगरात रस्ता करत होता आणि लहानू पेतरूच्या मुलखात. लहानू गेला तेव्हा झुंबर अंगावर पीत होती.

पेतरू पावसाळ्यात तापानं गेला. घाट ढासळला होता, वर गाडी येईना. पाड्यानंच त्याला पुरलं. पाऊस संपल्यावर गाडी आली आणि त्याची हाडं घेऊन गेली. पण त्याआधी सोनीबाईनं हट्टानं त्याचा चिरा बसवून घेतला होता. जुनी माणसं कुरकुरली, परक्याला कशाला चिरा? ती म्हणाली, “माझा माणूस यांच्या मुलखात हाय. आपण याला बसाय जागा दिली नाय, तर तिकडं त्याला कोण दील?” आणि दगड तिनं मावळतीकडे फिरवला, कारण मोठी बोट त्याच बाजूला जाते असं तिनं ऐकलं होतं.

लहानू परत आला नाही. त्याच्या सोबतचा एक जण आला. तो म्हणाला, नदीवर पूल बांधत होतो, लोंढा आला, मग लहानू दिसला नाही. बस्, एवढंच. सोनीबाईनं कुंकू पुसलं नाही. “पुरलेला कुणी बघितला नाय,” म्हणाली. तिनं लहानूचा चिरा बसवू दिला नाही आणि घराच्या दाराला कधी कडी लावली नाही. रात्रीबेरात्री आला तर त्याला दार वाजवायला लागू नये.

आई गेली, पण दार तसंच राहिलं. झुंबरबाईंचा नवरा घरजावई होता, त्यालाही सवय झाली. पुढं त्यांच्या मुलानं, हिरामणनं, घरकुलाचं पक्कं घर बांधलं, लोखंडी दार बसवलं, दाराला चांगली जाड कडी लावली. ती कडी लावल्या दिवसापासून सरकलेली नव्हती.

यंदा भाताची कापणी झाली आणि घाटरस्ता रुंद करायचं काम आलं. चिऱ्यांची जागा नव्या रस्त्यात जात होती. मुकादम मनोज वाईट माणूस नव्हता. तो पाड्यावर येऊन सांगून गेला, “बाबांनो, सोमवारी पोकलेन येईल. त्याआधी तुमचे देव उचला. नंतर मला बोल लावू नका.”

पाड्यानं माळावर नवी जागा ठरवली. रविवारी चिरे उचलायचे ठरले. आता यात एक रीत होती. चिरा हलवायचा तर पहिला हात पोटच्या लेकराचा किंवा त्याच्या रक्ताच्या माणसाचा लागतो. हात लावून म्हणायचं, “उठ बा, चल.” त्याशिवाय तो उठत नाही, नुसता दगड उचलला जातो. आणि दुसरी रीत त्याहून कडक. बाप म्हणून असा हात जन्मात एकाच चिऱ्याला देता येतो, बसवताना असो की उठवताना. एकदा ज्याला ‘बा’ म्हणून हात दिला, तोच बाप, रक्ताचा नसला तरी. दुसऱ्या चिऱ्याला तो हात चालत नाही.

झुंबरबाईंची झोप उडाली ती यामुळे. पेतरूला रक्ताचं कोण होतं?

शनिवारी त्यांची नात पल्लवी नाशिकहून आली. ती तिथे नर्सिंग शिकत होती. पिंपळगावच्या द्राक्षछाटणीवरून हिरामणही परतला होता. ओट्यावर बसून सगळ्यांचं तेच बोलणं चाललं होतं.

“आजी, मी फोनवर शोधू का त्याच्या घरच्यांना?” पल्लवी म्हणाली. “आडनाव काय त्याचं?”

“पेतरू.”

“ते नाव झालं गं. तिकडं पेतरू म्हणजे आपल्याकडचा बाळू. हाक मारली तर अर्धा बाजार मागं वळंल.”

हिरामण हसला. मग आईचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं.

मनोज पाणी प्यायला थांबला होता. तो म्हणाला, “मावशी, मी घालतो डंपरमधे. नाशिकला कुठंतरी बागेत ठेवू. फॉरेनचे पाहुणे आले तर फोटो काढतील.”

“फोटो काढाय तो काय नवरदेव हाय?” झुंबरबाई म्हणाल्या. “पी पाणी अन् जा.”

चिऱ्यांचं सगळं करणारा बारकू भगत ओट्याच्या कडेला बसला होता. तो झुंबरबाईंपेक्षा धाकटा, त्यांना बाय म्हणायचा. “बाय, माझ्या हातात असतं तर मीच उठवला असता,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण माझा हात माझ्या बाला देऊन झालाय. मी उठवला तर दगड येईल. पेतरू तिथंच राहील, डांबराखाली.”

“मग मी उठवते.”

पल्लवीनं फोन खाली ठेवला.

“आजी, पण तुझा हात...” पल्लवी म्हणाली. तिला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. सोनीबाईनं मरताना लेकीला बजावलं होतं, बापाची पक्की खबर येईल तेव्हा त्याचा चिरा तू बसव, तोवर हात राखून ठेव. झुंबरबाईंनी तो हात जन्मभर राखला होता.

“तुझ्या बाला मग कधीच चिरा मिळायचा नाय,” बारकू म्हणाला. “अन् बाय, दुसऱ्याला बाप म्हणलं म्हणजे तो आता येत नाय असं तूच सांगितल्यासारखं होईल. इतकी वर्सं कुणी म्हणलं नाय, ते तू म्हणशील.”

“आजी, तसंही ते आता शंभराच्या पुढं असते गं,” पल्लवी म्हणाली.

“मला काय हिशोब येत नाय का?” झुंबरबाई एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

चुलीपुढं बसून त्यांनी बराच वेळ राख उकरली. त्यांच्याजवळ बापाची एकच आठवण होती. उंच खांदा, त्यावर आपण बसलेलो, खाली खडी फोडायचे आवाज, आणि गालाला टोचणारी दाढी. लहानपणी त्या ही आठवण मैत्रिणींना दाखवायच्या, जसं कुणी नवं झबलं दाखवावं. पण मोठं झाल्यावर त्यांना उमगलं. बाप गेला तेव्हा त्या रांगतही नव्हत्या. खडी फुटायला लागली ती त्यानंतर. तो खांदा लहानूचा नव्हताच. आई सांगायची, पेतरू हातानं गुडघ्याएवढी उंची दाखवायचा, तिकडं एवढी पोरगी आहे म्हणून, आणि मग झुंबरला उचलून खांद्यावर घ्यायचा. हे उमगल्याचं झुंबरबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर लहानूचं त्यांच्याजवळ काहीच उरलं नसतं.

रविवारी सकाळी सगळा पाडा वर जमला. एकेक घर पुढं येई, चिऱ्यावर पाणी, हळद, तांदूळ घाली, हात लावून म्हणे, “उठ बा, चल.” “उठ आई, चल.” बाया रडत होत्या. ज्यांची माणसं कधीच गेली होती त्याही, जणू ती आजच गेल्यासारखी. हिरामणनं आपल्या बापाचा चिरा उठवला तेव्हा त्याचेही डोळे भरले.

शेवटी रांगेच्या जागी नुसते खड्डे राहिले आणि एक दगड, सगळ्यांकडे पाठ करून उभा.

झुंबरबाई पुढं गेल्या. पल्लवीनं कोपराला आधार दिला, तो त्यांनी सोडवला. बारकूनं एकदा विचारायचं म्हणून विचारलं, “बाय, ठरलं ना?”

“माझ्या बापाला तिकडं कुणी हात दिला का नाय, मला ठाव नाय,” त्या म्हणाल्या. “ते कळायचं नाय आता. यानं मला खांद्यावर घेतलं व्हतं, तेवढं मला ठाव हाय.”

वाकल्या. गुडघे टेकले. दगडाला त्यांनी दोन्ही हात लावले आणि ओठ हलले, पण शब्द फुटेना. त्या शब्दानं त्यांनी आजवर कुणालाच हाक मारली नव्हती. ऐंशी वर्षांच्या तोंडाला तो नवा होता. माणसं थांबून राहिली. लांब वळणावर मनोज पोकलेनच्या ड्रायव्हरला घेऊन आला होता, त्यानंही टोपी काढली.

“बा,” झुंबरबाई म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, “उठ बा. चल.”

तरण्या पोरांनी पहार लावली. दगड निघाला. त्याच्या तळाशी ओली माती आणि मुळं होती.

माळावर बारकूनं खड्डा केला होता. “तोंड कुठं करू बाय? आता सगळ्यांसारखं उगवतीला करू का?”

“पल्लू, तो मुलूख कुठंशी येतो गं?”

पल्लवीनं फोन हातात धरून हळूहळू अंग फिरवलं आणि पलीकडच्या डोंगराच्या अंगानं बोट केलं, मावळतीच्या जरा उजवीकडे. सोनीबाईची दिशा थोडी चुकली होती.

“तिकडंच कर,” झुंबरबाई म्हणाल्या. “माझा बाप बी तिकडंच हाय. दोघंबी दिसतील एकमेकाला.”

दिवेलागणीला त्या घरी आल्या. हातपाय धुतले. पल्लवीनं चहा दिला, तो त्यांनी प्यायला, बशी पालथी घातली. मग अंथरुणावर बसून त्या दाराकडे बघत राहिल्या. पल्लवी सवयीनं दार नुसतं लोटून मागं फिरली.

“कडी लाव,” झुंबरबाई म्हणाल्या.

पल्लवी थबकली. हिरामणनं मान वर केली.

कडी गंजून घट्ट बसली होती. पल्लवीनं जोर केला, मग हिरामणनं केला, तरी हलेना. शेवटी झुंबरबाईच उठल्या, दिव्यातल्या तेलात बोट बुडवून त्यांनी कडीला चोळलं, पुन्हा पुन्हा चोळलं, तान्ह्या लेकराच्या अंगाला लावावं तसं. खूप वेळ लागला. मग ती एकदाची सरकली, आणि तिचा आवाज त्या घरानं पहिल्यांदा ऐकला.