झेंडीची जागा

मी ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, तोंडाची फटकळ. कोरचीकडच्या एका गावाच्या वनहक्काच्या दाव्यासाठी डोंगरावरून जाणारी हद्द मोजायला गेले आणि वाटाड्या म्हणून मिळाले कोलूभाऊ मडावी, वय पंचाहत्तर. पन्नास वर्षांपूर्वी डोंगरांचा नकाशा करायला आलेल्या साहेबाचे हे खलाशी, म्हणजे मोजणीतले मदतनीस. साहेब खालून दुर्बिणीत बघणार आणि हे शिखरावर झेंडी धरून उभे राहणार. "ह्या डोंगराची उंची म्या देली हाय," हे त्यांनी सकाळपासून मला चारदा ऐकवलं होतं.

शिखर जवळ आलं तसे ते रेंगाळू लागले. एका खडकापाशी तर बसूनच राहिले.

"काय झालं, भाऊ?"

"मॅडम, तुमी वरतं मशीन लावाल अन् माही खोट बाहेर येईल. शेंड्यावर आमचा देव हाय. त्याच्या डोक्यावर लोखंडी दांड्याची झेंडी कशी रोवू? म्या इथीच उभा राह्यलो. साह्यबाले वाटलं, शेंड्यावर हाय. आजवर कोणाले सांगतलं नाई. आता गावाचा दावा माह्यापायी बुडला त?"

खरं तर मला हसू येत होतं. दावा हद्दीवर ठरतो, उंचीवर नाही. पण मला त्या म्हाताऱ्याची एकाएकी फार माया आली. देवाधर्माशी माझं सूत कधी जमलं नाही. आमच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेपासून देव्हारा नाही. तरी मी यंत्र वर नेलं नाही. त्यांच्या खडकावरच मांडलं.

आकडा आला चारशे बारा मीटर. जुन्या नकाशात तोच होता.

"तुम्ही उभे होता तिथली उंची बरोबर आहे, भाऊ. खोट कसली? देव इथून किती वर?"

"दोन पुरुष. माणसावर माणूस उभा केला तेवढा."

मी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: "शिखर येथून अंदाजे दोन पुरुष उंच. वर देवस्थान असल्याने यंत्र नेले नाही. माहिती देणार: कोलू मडावी, जुने खलाशी."

"असं लिवता येते काय?"

"येतं की."

"तवाही येत होतं?"

"येतच असणार."

त्यांनी कागद हातात घेतला. मग डोळे पुसत म्हणाले, "मंग पन्नास साल म्या उगाच भेलो नं, पोरी. सांगतलं असतं त त्या साह्यबानंही लिवलं असतं."